ज्योत्स्नाला जरा बोलावता का

२८ मे १९९९, देवळाली कॅम्प

मला लिहायची एकच तऱ्हा ठाऊक, पत्राची. शाळा कधी पाहिली नाही, पुड्यांचे कागद वाचून अक्षरं जुळवली. म्हणून या वहीतही तशीच सुरुवात करते. निफाडची मंडळी, खुशाल ना सगळे? रावजी, तुमचा दमा कसा आहे? लताबाई, गुडघ्याला एरंडाचं पान बांधता ना? धाकट्या सूनबाईच्या उलट्या थांबल्या का? आणि गोठ्यातली कपिला, टेकते का आता पाय?

मी इकडे मजेत. भाची मीना आणि जावई सुनील दोघंही कामावर जातात, घर सांभाळायला मी. घरात चक्क फोन आहे! साऱ्या गल्लीचा पीपी नंबर हाच. शेजाऱ्यांपैकी कुणाचा फोन आला की थांबा हं म्हणायचं, रिसिव्हर टेबलावर ठेवायचा आणि चपला अडकवून बोलवायला पळायचं. गल्लीतले निम्मे गडी फौजेत, त्यामुळे बोलावणं बहुतेक बायकांनाच. आठ दिवसांत मी सगळ्यांची मावशी झाले.

१ जून

गल्लीच्या टोकाला भागीबाई राहते. तिचा मनोज तोफखान्यात, आता कारगिलला. सून ज्योत्स्ना येवल्याची, गोड पोर. मनोज निघाला त्या दिवशी दोघांचं भांडण झालं. तुम्ही गेलात की मी इथं राहायची नाही, सरळ माहेरी जाईन, असं ती रागात बोलून गेली. गेली मात्र नाही. सासूचे पाय चेपते आणि दिवसातून चारदा डोकावून विचारते, मावशी, वाजला का? मी म्हटलं, अगं, फोनशीच लग्न लावून देऊ का तुझं? लाजून पळाली.

५ जून

गच्चीवर कुरडया वाळत होत्या आणि आभाळ भरून आलं. नेमका चार दहाला फोन. मनोज. आवाज लांबून, खरखरत. मावशी, ज्योत्स्नाला जरा बोलावता का, म्हणाला, मागे रांग आहे पण मी धरून ठेवतो. जाऊन यायला दहा मिनिटं लागली असती. दोन दिवसांची मेहनत भिजली असती. माझ्या तोंडून निघून गेलं, ती माहेरी गेलीय रे बाबा.

तो म्हणाला, गेलीच का शेवटी. बरं. उद्या करतो.

कुरडया गोळा केल्या. पाऊस काही आला नाही.

६ जून

ज्योत्स्नाला सांगितलं, काल फोन आला होता, तू घरात नव्हतीस, आज करतो म्हणालाय. अबोली माळून आली. सातपर्यंत बसली. नुसती बसली.

११ जून

मिलिटरीची गाडी आली. मनोज गेला. पाच तारखेलाच, संध्याकाळी.

१५ जून

ज्योत्स्नानं विचारलं, मावशी, शेवटचं काय बोलला? माझं नाव काढलं? मी म्हटलं, तुझंच काढलं गं, आनंदात होता. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी केसांतून हात फिरवत राहिले. हातांना अजून कुरडयांचा वास येतो.

१८ जून

चार दहाला फोन वाजला. खरखर. मावशी, ज्योत्स्नाला जरा बोलावता का.

मी ठेवून दिला. कुणीतरी चेष्टा करतंय. असली चेष्टा कोण करील?

१९ जून

पुन्हा. तोच आवाज. मागे रांगेतल्या माणसांची कुजबुज. खूप माणसं.

२१ जून

वायर भिंतीतून उपटून काढली. वाजलाच.

शेवटी बोलले. म्हटलं, बाळा, तू गेलास रे. माझी चूक झाली. तो म्हणाला, हो का मावशी. बरं. ज्योत्स्ना आली का माहेराहून?

ती इथंच होती हे सांगायला तोंड उघडलं. पण रिसिव्हरच ठेवून दिला.

२४ जून

तेरावं होऊन आठवडा झाला. मी ज्योत्स्नाच्या मागे लागले, चार दिवस माहेरी जाऊन ये. सासूला टाकून जाणार नाही म्हणाली. भागीबाईचं मी करीन, म्हटलं. हट्टच धरला. ती खरोखर गेली की माझा शब्द खरा होईल, तो विचारायचा थांबेल — एवढाच हिशेब. देवा, एवढं होऊ दे.

सकाळच्या एसटीनं गेली.

२५ जून

चार दहा. मी धीटपणे सांगितलं, खरंच माहेरी आहे रे ती, येवल्याला.

खरखरीतून म्हणाला, तिथं फोन नाही मावशी. मीच जातो तिला आणायला.

२६ जून

चार दहा. वाजला नाही.

साडेचार. नाही.

पाच. मी पाया पडते, वाज रे —

सुनील, मीना घरी नाहीत. येवल्याला माझी कुणाशी ओळख नाही. साडेपाचच्या गाडीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी देते. चिठ्ठी नीट उतरावी, म्हणून आधी वहीत लिहिते —

ज्योत्स्ना, मी खोटं बोलले. तू घरी असताना त्याला सांगितलं, तू माहेरी गेलीस. कुरडयांपायी. तो तसंच समजून गेला. तू त्याला टाकलं नव्हतंस, टाकलं मी. दारात कुणी आलं, कितीही ओळखीच्या आवाजात हाक मारली, तरी उघडू नको. आईच्या कुशीत नीज. मला शिव्या दे, तोंड बघू नको, पण याच कंडक्टरच्या हाती दोन ओळी पाठव. दार उघडलं नाही, एवढंच लिही. लवकर लिही पोरी, आजच्या आज, लव —