समुद्राखाली तळ असलेली दोन सरोवरे

बाबा, मी या क्षणी उत्तर जपानातील ताझावा नामक सरोवराच्या काठी एका बाकावर सकुटुंब परंतु एकटा बसलो आहे. सकुटुंब अशासाठी की तुमची सून आणि नात दहा पावलांवर आहेत. एकटा अशासाठी की मिसो हे सोयाबीनचे आंबवलेले वाटण लावून भाजलेल्या भाताच्या कांड्या खाण्यात त्या गर्क असून माझ्याकडे त्यांची पाठ आहे. तोक्योतील निशी-कसाईहून येथवर येण्यात अर्धा दिवस खर्ची पडला. तुमचे चिरंजीव तेथे एका कार्यालयात संगणकांची अखंड सेवा करतात. केस विरळ झाले आहेत, उपदेश करण्याची वृत्ती घनदाट. वास्तविक येथे येण्याचे प्रयोजन चित्तशांती हे होते. परंतु मी चौथ्यांदा बाकावरून उठून पाचव्यांदा बसलो आहे, आणि यंत्रातून विकत घेतलेली डबाबंद कॉफी हातातच गार झाली आहे. जपानातील हे सर्वांत खोल सरोवर. पृष्ठभाग डोंगरात आणि तळ मात्र समुद्रसपाटीच्याही खाली, असे फलकावर लिहिले आहे. नातीने वाचून दाखवले. इतक्या वर्षांच्या वास्तव्यानंतरही फलकांच्या प्रांतात मी निरक्षरच आहे.

तळ समुद्राच्याही खाली, हे वाक्य मी प्रथम ऐकले ते धरणाच्या वसाहतीतल्या आपल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात. पाणचक्क्या विकणाऱ्या कोण्या परदेशी कंपनीचे कॅलेंडर तुम्ही कचेरीतून आणले होते. वर्ष सरले तरी पिठाच्या डब्यांवर ते लटकत राहिले, कारण त्यावर नॉर्वेतील हॉर्निंदाल सरोवराचे चित्र होते आणि चित्र फेकणे आईच्या धर्मात बसत नव्हते. तुम्ही ताटातल्या थंड पिठल्यातून डाव ओढता आणि गंभीर मुद्रेने सांगता, ही हिमनदी. ती अशी दरी कोरीत गेली, बर्फ वितळून मागे हटले, तोंडाशी दगडमातीचा बांध राहिला आणि मागे पाणी साठले. युरोपात याहून खोल सरोवर नाही. हिमनदीचे गढूळ पाणी आता त्यात उतरत नाही, म्हणून ते आरशासारखे निर्मळ. "आणि तळ कुठे, तर समुद्राच्याही खाली!" असे म्हणून तुम्ही पिठल्यात बोट बुडवता. आई म्हणते, "जेवा आधी. नॉर्वे कुठं पळून जात नाही." मग तुम्ही बोट चाटता आणि काहीशा असूयेने म्हणता, "एवढं मोठं धरण, पण एकाही माणसाला उठवावं लागलं नाही."

कारण माणसे उठवणे ही तुमची नोकरी होती. पुनर्वसन कार्यालयाचे कनिष्ठ अधिकारी या नात्याने बुडीत क्षेत्रातील घरोघर जाऊन, शासनाने त्यांच्या हिताचा कोणता निर्णय घेतला आहे, हे तुम्ही सांगत असा. एका सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला जीपमधून बरोबर नेलेत. एका म्हातारीच्या उंबऱ्यावर तुम्ही चपला काढून बसलात. यादीत तिच्या नावापुढे माळावरचा भूखंड पडलेला मी जीपमध्येच पाहिला होता, तरी तुम्ही विचारत होता, "आजी, कुठं जागा आवडेल तुम्हाला?" ती म्हणाली, "सायेब, म्या न्हाई म्हनलं तर पानी थांबंल व्हय?" "नाही थांबायचं, आजी. तरी सांगा." ती म्हणाली, "मंग नदीकडंला द्या. रातच्याला आवाज लागतो मला." परतताना मी माझे बालसुलभ पांडित्य पाजळले, "सगळं ठरलेलंच आहे, तर विचारता कशाला?" तुम्ही जीप थांबवलीत. "गप्प बस. ठरलंय ते सरकारचं. तिचं कुठं ठरलंय?" तिला नदीकाठ मिळाला की नाही, हे तुम्ही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

आता प्रस्तुत विषयाकडे वळतो, ज्याच्यापासून मी तीन परिच्छेद पलायन करीत आहे. तुम्ही गेल्यापासून आई कराडला दोन खोल्यांत एकटी असते. उन्हाळ्यात ती न्हाणीघरात पडली. हाड शाबूत राहिले, परंतु तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या शेजारच्या काकू आता लेकीकडे पुण्यास कायमच्या निघाल्या आहेत. सबब आईला येथे आणण्याचा निर्णय मी घेतला, आणि येत्या शनिवारी तिला आणण्यासाठी माझे विमान आहे. येथील कायद्यास वृद्ध मातापित्यांचे फारसे प्रेम नाही. पाहुणी म्हणून काही आठवडे येता येते. कायमचे राहण्यास एकच चिंचोळी वाट आहे आणि तीही खात्रीची नाही. मायदेशी सांभाळणारे कोणीही उरलेले नाही, हे सिद्ध करायचे. हे मी तिला फोनवर सविस्तर निवेदन केले.

"कोणी नाही?" आई म्हणाली. "भजनी मंडळ आहे. दूधवाला आहे. वरचा वकील रोज पेपर आणून देतो. असलं खोटं कसं लिहितोस रे?"

"आई, त्यांच्या दृष्टीनं कोणी म्हणजे नातलग."

"मग त्यांची दृष्टी तपासून घे म्हणावं. आणि तुझ्या त्या आठव्या मजल्यावर मी दिवसभर बोलू कुणाशी? लिफ्टशी?"

मी हसलो आणि विमान किती वाजता पोहोचते ते तिला सांगितले.

आज दुपारी येथील मत्स्यालयात गेलो. एका काचेच्या टाकीत काळसर, उदास चेहऱ्याचे काही मासे होते, साधारण माझ्या कार्यालयातील वरिष्ठांसारखे. नात फलक वाचू लागली आणि मी माझ्या पांडित्यासह मागे उभा राहिलो. हा मासा जगात केवळ या सरोवराच्या खोल पाण्यात होता. महायुद्धाच्या तोंडावर वीज आणि शेती यांसाठी उष्ण झऱ्यांच्या नदीचे आम्लयुक्त पाणी सरोवरात सोडले गेले. काही वर्षांत मासे संपले. हेतू, बाबा, तुमच्या खात्यासारखाच लोकहिताचा होता. परंतु त्याआधी त्याची अंडी दूरच्या काही सरोवरांना धाडली होती, आणि सुमारे सात दशकांनंतर फुजी पर्वताच्या पायथ्याशी एका सरोवरात तो जिवंत सापडला. मी तत्काळ स्फुरण पावून व्याख्यान आरंभले, "पाहिलंस? स्थलांतरानं कुळ तगतं. आपल्यासारखंच. आता आजीही..."

"अंडी नेली होती, बाबा," नात म्हणाली. "मोठे मासे नाही."

ती अकरावीत आहे. मराठी तिला समजते, पण रागावली की ती जपानीवर येते. "ओबाचान नि किइता?" तिने विचारले. आजीला विचारलंस का, असा त्याचा अर्थ. मी म्हणालो, सांगितलंय सगळं. तिने तेच वाक्य पुन्हा उच्चारले आणि तुमच्या सुनेच्या मागे भाताच्या कांड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

तेव्हापासून मी या बाकाशी उठाबशा काढीत होतो. आत्ता अखेरीस कराडला फोन लावला. प्रास्ताविक न करता विचारले, "आई, तुला इकडे यायचं आहे का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"आत्ता विचारतोयस होय?" ती म्हणाली. "मला वाटलं, ठरलंय सगळं."

"तिकीट ठरलंय. तुझं नाही."

"मग दोन दिवस दे. आणि मधे फोन करून भंडावू नकोस."

सूर्य डोंगराआड जात आहे आणि पाणी इतके निळे झाले आहे की विश्वास बसू नये. या पत्रास पत्ता नाही, याचे आज मला बरे वाटते. कारण पुढील वाक्य तुमच्यासमोर उच्चारण्याचे धैर्य मला झाले नसते. आई नाही म्हणाली तर मी वाद घालीन, विनवण्या करीन, बहुधा रडेनही. आणि बाबा, आत कुठेतरी मला हायसे वाटेल.