सीडीतले सर

नाशिक,
ता. २१ फेब्रुवारी २००८

चि. ज्ञानेश,

तुला आणि शुभांगीला आशीर्वाद. पुण्याच्या नव्या जागेत एव्हाना सामान लागलं असेल. इकडे आम्ही ठीक. थंडीने मंजुषाचे गुडघे कुरकुरतात, बाकी तक्रार नाही. अमेरिकेतल्या मुलांना इंटरनेटवरून शिकवायच्या सकाळच्या बॅचेस इथल्या ऑफिसात अंजली नीट सांभाळते. मेल करता आला असता, पण मेलवर मला दोन ओळींपुढे सुचत नाही, आणि आज दोन ओळींत भागणार नाही.

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी मी कुणाला न सांगता सुरगाण्याला गेलो. देवापुढे दिवा लावला, मंजुषाला म्हटलं, वणीला जाऊन येतो. ते अगदीच खोटं नव्हतं. एसटी वणीत थांबली तेव्हा खाली उतरलो, गडाकडे बघून हात जोडले आणि पुन्हा गाडीत बसलो. पुढे जीप मिळाली. आश्रमशाळेत पोहोचलो तेव्हा सहावीचा गणिताचा तास चालू होता, आणि तो तास मीच घेत होतो.

दिवाळीनंतर आपण माझे अपूर्णांकाचे पाठ रेकॉर्ड करून त्यांना सीडी दिल्या, त्यातलाच तो एक. मी मागच्या दारात उभा राहिलो. पुढे संगणकाच्या पडद्यावर मी, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि मधे मुलांच्या रांगा. स्वतःला असं बघायची सवय नाही. आवाज ओळखीचा वाटला, माणूस वाटला नाही.

पडद्यावरच्या मी विचारलं, "समजलं का?"

सगळी मुलं उठून उभी राहिली आणि म्हणाली, "हो सर."

तिथे थोडी जागा रिकामी सोडायची अंजलीने सांगितलं होतं, मुलांना उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून. ती जागा बरोबर भरली. मग पडद्यावरचा मी हसून म्हणालो, "शाब्बास," आणि मुलं खाली बसली. तासात असं अनेकदा झालं. दर वेळी सगळी उठली, दर वेळी माझ्याकडून शाब्बासकी मिळाली. ज्ञानेश, मला आधी हसू आलं. मग मुलांचे चेहरे बघू लागलो.

तास संपल्यावर पुढे गेलो. मुलं एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी फळ्यावर अर्धा अधिक एक तृतीयांश लिहिलं. सीडीतलंच उदाहरण होतं. पाट्या वर आल्या. बहुतेकांनी वरचे आकडे वरच्यांत आणि खालचे खालच्यांत मिळवून दोन पंचमांश लिहिलं होतं. मी विचारलं, कुणाला समजलं नव्हतं का? सगळ्यांनी माना खाली घातल्या. पहिल्या रांगेतल्या मुलीला जवळ बोलावून हळू विचारलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी रागावलोय असं तिला वाटलं.

तिथले शिक्षक बुधा गावित दर आठवड्याला फोनवर आपल्याला सांगत होते की सगळ्यांना समजलं. मी त्यांना ओट्यावर गाठलं. माणूस चांगला आहे. मला चहा दिला, स्वतः उभाच राहिला.

म्हणाले, "सर, तुमी इतक्या लांबून शिकवता, आन् पोरं तुमाला नाय कशी म्हनतील? पाप लागंल त्यान्ला."

मी म्हटलं, पोरांचं राहू द्या, तुम्हाला तर दिसत होतं ना?

त्यांनी माझा रिकामा कप उचलला. मग म्हणाले, "मी तरी तुमाला नाय कसा म्हनू?"

येताना जीपमध्ये मला केली नावाची मुलगी आठवली. तुला नाव आठवत नसेल, मी अमेरिकेची बॅच घ्यायचो तेव्हाची, तिकडची सातवीतली. मला सरळ नावाने हाक मारायची, कॅमेऱ्यासमोर काहीतरी खात असायची. एकदा मी समीकरण समजावलं आणि सवयीने विचारलं, समजलं का? ती म्हणाली, "नाही. तुम्ही तेच पुन्हा सांगितलंत, फक्त मोठ्याने."

आमच्या नांदगावकडच्या शाळेत गुरुजींना शंका विचारणं म्हणजे त्यांना शिकवता येत नाही हे चारचौघांत सांगणं. तिथे वाढलेला मी, तिला उद्धट ठरवून मोकळा झालो. अंजलीपाशी कुरकुर केली तर ती म्हणाली, "सर, तिकडे पोरांना शाळेतच शिकवतात असं बोलायला. तुम्ही हसून पुन्हा सांगायचं, बास." मला हसताही आलं नाही आणि वेगळ्या रीतीने सांगताही आलं नाही. पंचवीस वर्षांच्या मास्तरकीत कुणी तसं मागितलंच नव्हतं.

मग तू एका संध्याकाळी पेढे घेऊन घरी आलास. म्हणालास, सर, परदेशी पोरांपेक्षा आपल्या आदिवासी मुलांना तुमची जास्त गरज आहे, तुमचे पाठ रेकॉर्ड करू. मला भरून आलं होतं. मंजुषाने तुझी दृष्ट काढली. केलीच्या आईने, आणि आणखी दोघांच्या आईवडिलांनी त्याआधीच मास्तर बदलून मागितला होता, हे मला नंतर अंजलीकडून कळलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. मला राग नाही. तुझ्या जागी मीही पेढेच आणले असते. अजूनही मी ऑफिसात आलो की तू खुर्चीवरून उठतोस, सगळी तरुण पोरं बघत असतात. जो उठून उभा राहतो तो तोंडावर काय सांगणार? मीच तुला नववीत शिकवलं आहे.

सुरगाण्याहून आल्यावर लगेच फोन करायला हवा होता. रोज उद्या करू म्हणत राहिलो. जूनपासून या सीडी आदिवासी विकास खात्यामार्फत जिल्ह्यातल्या सगळ्या आश्रमशाळांत जाणार, त्यावरच पुण्याचं ऑफिस उभं आहे, तिथे नवी पोरं लागली आहेत, हे सगळं मला ठाऊक होतं. देवापुढे बसलो की जपाऐवजी त्या पाट्या दिसायच्या. शेवटी मंजुषाला सांगितलं. ती गवार मोडत होती. म्हणाली, "आपल्याला मुलगा नाही हे त्याने कधी जाणवू दिलं नाही तुम्हाला. बोला, पण हे विसरून बोलू नका." विसरलो नाही. म्हणूनच इतके दिवस गेले.

एकदा फोन केलाही होता. तू म्हणालास, सर, मंगळवारी खात्याचे साहेब नाशिकच्या ऑफिसात येताहेत, मला पुण्याहून निघता येणार नाही, तुम्ही जा, तुमच्या शब्दाला वजन आहे. पाठ छान चालू आहेत एवढंच सांगा. मी सुरगाण्याचं काढणार तोच तू म्हणालास, सर, तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत आहे. मी म्हटलं, बरं.

त्या 'बरं'ची मला अजून लाज वाटते. फोन खाली ठेवल्यावर कळलं की मीही त्याच रांगेत बसलो आहे.

परवा मंगळवारी ती मीटिंग झाली. अंजलीने स्वतः तयार केलेलं सगळं दाखवलं, फार सुरेख दाखवलं. माझा पाठही लावला. पडद्यावरच्या मी विचारलं, समजलं का, आणि खोलीतले दोन-तीन साहेब कौतुकाने हसले. मग मोठे साहेब माझ्याकडे वळले. चांगले गृहस्थ, मला आधी पाणी पुढे केलं. म्हणाले, "काय सर, मुलांना समजतंय ना?"

अंजली माझ्याकडे बघत होती. तिला काही सांगितलेलं नव्हतं, तेवढा दोष माझा. तिला बोलू नकोस.

तुला हे दुसऱ्या कुणाकडून आधीच कळलं असेल, आणि दोन दिवस तुझा फोन नाही याचं कारणही तेच असेल. तरी माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्यापाशी असावं. मी उभा राहून म्हणालो, "नाही, साहेब. त्यांना समजलेलं नाही. मी जाऊन पाहिलं आहे. जूनपासून हे पाठ कुठेही पाठवू नका."

अजूनही तुझंच भलं चिंतणारा,
सावळीराम