उजेडानं गार

टोकावडे, रविवार, फेब्रुवारी २००३

आज दादाचा दहावा. नदीवर पिंडाला कावळा शिवेना. लेसरच्या उजेडानं अणू थंड करणारा शास्त्रज्ञ म्हणून पेपरात दादाचा फोटो, आणि त्याची इच्छा काय राहिली ते घरात कुणालाच ठाऊक नाही. मला तरी कुठे?

काका म्हणाले, "तुझ्या आईला सांभाळू रे." कावळा ढिम्म. मामा म्हणाले, "शाळेला तुझं नाव देऊ." तरी नाही.

दर सुट्टीत तो समजवायला बघायचा, उजेडानं गार कसं होतं ते. आम्ही हसायचो. उन्हानं कधी गार होतं का?

शेवटी आई पिंडापुढे बसली. "परत सांग रे बाला. आता नाय हसत, आयकते."

कावळा शिवला. सगळे उठले, निघाले. आई उठेना. ती ऐकायला बसली होती.