पिऱ्हस आणि गच्चीची किल्ली

बाई, मी इतिहास तुमच्या नाशिकरोडच्या स्वयंपाकघरात शिकलो हे कुणाला सांगितलं, तर लोकांना वाटतं मी सवयीनं टिंगल करतोय. भाकऱ्या झाल्या की परातीतलं उरलेलं पीठ तुम्ही सपाट करायचात, बोटानं इटलीचा किनारा काढायचात. भाजलेले शेंगदाणे म्हणजे पिऱ्हस या ग्रीक राजाचे सैनिक, लसणाच्या पाकळ्या त्याचे हत्ती, फुटाणे म्हणजे रोमन. लढाईत पडेल त्याला आम्ही मुलांनी खायचं. त्यामुळे तहाची आवड आमच्यात कुणालाच नव्हती.

"जिंकला पिऱ्हस. उचला," तुम्ही म्हणता, आणि आम्ही मूठभर विजयी सैन्य तोंडात टाकतो. फुटाणे तुम्ही डब्यातून पुन्हा ओतता, रोमनांचं घर जवळच. शेंगदाण्यांचं घर समुद्रापलीकडे. शेवटी परातीत राजा उरतो आणि कुणीच न खाल्लेला लसूण. मी टाळ्या वाजवतो. तुम्ही हात धुता धुता म्हणता, "वाजव. आता याला घरी सोडायला कोण जाणार, तू?"

परवा आमच्या सोसायटीच्या सभेत मी तसाच जिंकलो. सेक्रेटरी माझे शेजारी, माझ्याहून थोडे वडील, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त. टाकीचं झाकण कुणीतरी उघडं टाकतं, म्हणून गच्चीला कुलूप लावायचं असं त्यांचं म्हणणं. मी उठलो आणि म्हणालो, "साहेब अजून कारखान्यातच आहेत. आमच्या कुरडया धावपट्टीवरून उडून जातील, अशी भीती वाटते त्यांना." सभा खो खो हसली. गच्ची उघडी राहिली. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि ते जिना उतरले.

अडचण एवढीच, की रोज संध्याकाळी त्या गच्चीवर थर्मास घेऊन माझ्याबरोबर बसणारे तेच होते. माझं लिखाण छापण्याआधी ऐकून "हे जरा जास्त झालं" म्हणणारेही तेच. आठवडाभर मी जिंकलेल्या गच्चीवर एकटा बसलो. बायको म्हणाली, "शोभतोय हं. झेंडा आणून देऊ?"

काल त्यांची बेल वाजवली. "ही किल्ली तुमच्याकडेच ठेवा," म्हटलं. त्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाषण आहे का सोबत?"

"नाही."

"मग थांबा, चहा भरतो."

वर बसलो. पांडवलेण्यांच्या डोंगरामागे ऊन उतरत होतं, वारा छान होता, बरं वाटत होतं. रिकाम्या गच्चीवर नजर फिरवून ते म्हणाले, "लेखकराव, एवढं रण माजवलंत. कुरडया कुठायत?"

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. उत्तर जिभेवर तयार होतं, बाई. चहाबरोबर गिळलं. पण काय सुंदर उत्तर होतं ते. अजून हळहळ वाटते.