गाडी सुरू होत नाही, सबब हे पत्र

तीर्थस्वरूप साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार. (उजव्या हाताचा अंगठा सध्या पट्टीत आहे, तेव्हा आठ अंगांतून तेवढं वजा करून घ्यावं.) इकडे सर्व क्षेम. तिकडचं क्षेम कळत नाही, म्हणून लिहायला बसलो. फोन का नाही केलास, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुम्ही हल्ली काय करता ते तुम्हाला ठाऊक आहे का? मागच्या वेळी मी विचारलं, कानातलं नवीन यंत्र टोचतं का, तर म्हणालात, ‘‘हो हो, पाठवून दे.’’ काय पाठवायचं यावर तुमची मेहुणी आणि मी आठवडाभर डोकं खाजवत होतो. त्याच्या आधीच्या खेपेला मी इंजिनाची सगळी कर्मकथा सांगितली, घसा बसला, आणि शेवटी तुम्ही म्हणालात, ‘‘सगळ्यांना आशीर्वाद सांग.’’ इंजिनाला सांगितला. फरक पडला नाही. कागदावरच्या मजकुराला तरी तुम्हाला ‘हो हो’ करून वाटेला लावता येणार नाही. आणि चष्मा माझ्याच दुकानातला असल्यामुळे नीट दिसलं नाही ही सबबही चालणार नाही.

तुमच्या घरात आता नवीन भाडेकरू आलेत. सज्जन माणूस. इतका सज्जन की भिंतीपलीकडून कसला म्हणून आवाज येत नाही. तुमच्या वेळी पलीकडे काही धाडकन पडलं की मी हातातला चहा ठेवून उठायचो. अर्धवट चहा टाकून जातो म्हणून तुमची मेहुणी माझ्यावर किती वैतागायची! आता मी चहा पूर्ण पितो. तब्येतीला बरा म्हणतात, पण मला काही तो मानवत नाही.

असो. मुद्द्यावर येतो. न्हाव्याच्या दुकानात आपण ते परदेशी मासिक पाहिलं होतं, आठवतं? जुनी गाडी, बॉनेट काढून फेकलेलं, इंजिन उघडंबोडकं, छत कापून बुटकं केलेलं, पुढची चाकं बारकी आणि मागची ही भलीमोठी. खाली लिहिलं होतं ‘हॉट रॉड’. (तुमची मेहुणी तिला ‘गरम सळई’ म्हणते, आणि तोंड असं करते की सळई तिच्याच हातात दिली आहे.) तुम्ही खोकल्याची मोठी उबळ आल्याचं सोंग करून ते पान टरकावलंत, न्हावी बिचारा पाणी आणायला धावला, आणि बाहेर आल्यावर म्हणालात, ‘‘ही आपण करायची. पण सगळी भंगारातून. नवीन सामान आणून काय, कोणीही करेल.’’ मग तुमच्या मुलाने तुम्हाला चौदाव्या मजल्यावर नेऊन ठेवलं. पान माझ्याकडे राहिलं. त्या पानाने मला दोन वर्षं सुखाने जेवू दिलं नाही हो. दुकानात गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावायची आणि मनात मागच्या चाकांचा विचार. एका बाईंना मी ‘‘आता डावा टायर झाका’’ म्हणालो, तेव्हा तुमची मेहुणी म्हणाली, एकदाची करून टाका ती गाडी. अट एकच: घरात जितकं भंगार येईल तितकं घरातलं बाहेर गेलं पाहिजे.

त्याच आठवड्यात भंगारवाल्याचा निरोप आला की गोल नाकाची एक जुनी गाडी आलीये, म्हणजे गाडीचा सांगाडा, कोंबड्यांच्या खुराड्यात निघालेला. मी धावत गेलो. सौदा असा झाला की सांगाडा माझा आणि आमचा सोफा त्याचा. (तो सोफा तुम्हाला टोचायचाच.) घरी आल्यावर दिसलं की मागच्या कोपऱ्यात एक कोंबडी अंडी उबवत बसली आहे. परत द्यायला गेलो तर भंगारवाला म्हणतो, ती सामानात धरलेली आहे. आता ती आमच्याकडेच असते आणि कोणी पान्हा वाजवला की अंगावर येते. छत कापायचं काम फार कौशल्याचं असतं असं मासिकात लिहिलंय. आमच्या छताला मी टेकून उभा राहिलो, तेवढ्यात ते कापलं गेलं.

इंजिन मिळालं दूधवाल्याच्या मोडीत काढलेल्या व्हॅनचं. त्याच्या बदल्यात लोखंडी कपाट गेलं. (कपडे सध्या दोरीवर आहेत. हवेशीर असतात.) मागची चाकं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची. स्टिअरिंग ट्रकचं आहे, ते इतकं मोठं की आत बसायचं तर आधी त्याच्याखालून सरपटावं लागतं आणि बसल्यावर पोट बाहेर काढायला जागा राहत नाही. दिव्यांपैकी एक ट्रकचा, एक स्कूटरचा. चष्मेवाल्याच्या गाडीचे दोन डोळे दोन नंबरांचे, म्हणून गल्लीत हसून घेतात सगळे. सीट बंद पडलेल्या थिएटरातल्या खुर्च्यांची आहे; उठलं की आपोआप मिटते, त्यामुळे वाकून काही उचलायचं झालं तरी विचार करावा लागतो. जोडकामाला कोपऱ्यावरचा वेल्डर येतो. माणूस हुशार, पण गप्प. त्याने ‘धरा’ म्हटल्यावर काय धरायचं ते विचारायला हवं होतं. अंगठ्याचा इतिहास एवढाच.

मग एका सकाळी ढकलून सुरू करून बघू असं ठरलं. ढकलायला मी, वेल्डर, भाडेकरू (आला बिचारा, ऑफिसच्या कपड्यांत) आणि पेपरवाला. स्टिअरिंगवर कोणी बसायचं? उरली तुमची मेहुणी. ती पदर खोचून, सरपटत आत गेली आणि राणीसारखी बसली. उताराला लागल्यावर गाडीने असा वेग घेतला की आम्ही ढकलणारे रस्त्यावर हात पुढे करून उभे, आणि गाडी नाही.

‘‘ब्रेक दाब!’’ मी ओरडलो.

‘‘कुठला?’’

‘‘मधला!’’

‘‘मध्ये काही नाहीच आहे हो!’’

आणि खरंच नव्हतं. पेडल मी रंगवून गच्चीत वाळत ठेवलं होतं. गाडी थेट इस्त्रीवाल्या बाईंच्या टपरीशी, हॉस्पिटलच्या चादरींच्या गठ्ठ्यात शिरली आणि थांबली. चादरींतून तुमच्या मेहुणीचं नुसतं डोकं वर दिसत होतं. इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या, ‘‘बसा, बसा, उठू नका. चादरी चुरगळतील.’’ कोणाला खरचटलंसुद्धा नाही. सगळी गल्ली पोट धरून हसत होती. मीही हसत होतो. आणि हसता हसता सवयीने मागे वळलो, तुम्ही आता काय बोलता ते ऐकायला. मागे वेल्डर होता. तो म्हणाला, ‘‘होतं असं.’’

बरोबरच आहे त्याचं, होतं असं. पण साडूभाऊ, तुम्ही असतात तर त्या एका ब्रेकवर आपण महिनाभर जगलो असतो. तुम्ही रोज संध्याकाळी पायरीवर बसून ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली असतीत, रोज गाडीचा वेग थोडा वाढवला असतात, चादरींचे गठ्ठे वाढवले असतेत, आणि मी रोज ‘असं काही झालं नव्हतं’ म्हणालो असतो. आता ती गोष्ट मला एकट्याला सांभाळावी लागते, आणि माझ्याकडे ती वाढत नाही. जेवढी झाली तेवढीच राहते.

तर गाडी आता अंगणात उभी आहे. पेडल बसवलं. लाल रंग दिला, म्हणजे तीन डब्यांच्या तळाशी उरलेले तीन लाल मिळून जो होतो तो. बघत राहावी अशी दिसते. फक्त सुरू होत नाही. तुम्हाला यावं लागेल असा माझा मुळीच आग्रह नाही. तुमचा मुलगा काळजी करतो, लिफ्टचा भरवसा नाही, तुमचा गुडघा आहे, सगळं मला कळतं. नुसतं कळवावं म्हणून कळवलं. ताईंना नमस्कार, नातवंडांचे गाल ओढावेत, आणि चौदाव्या मजल्याला माझा खालूनच रामराम.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. आग्रह नाही असं वर लिहिलंय ते खोडायला जागा नाही, म्हणून इथे लिहितो: आग्रह आहे. या. इथल्या एकाही माणसाला दोष सापडत नाही.

आणखी एक ता. क. कानाचं कारण सांगू नका. ताईंनी सांगितलं मला, तुम्ही म्हणता ‘आता मी इंजिनाच्या काय कामाचा?’ इतकी वर्षं मी तुमच्या बाजूला टॉर्च धरून उभा राहिलोय. तुम्ही लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचात, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायचात आणि डोळे मिटून दोष सांगायचात. कान कुठे लावत होतात? ते हाड अजून जागेवर असेल तर निघा.

(पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली थोडी जागा होती तिथे मी लिहिते. भावोजी, नमस्कार. गाडी केव्हाच सुरू झाली आहे. दोन वायरी उलटसुलट लागल्या होत्या, त्या वेल्डरने बदलल्या आणि पहिल्याच चावीला अशी गरजली की कोंबडी छपरावर गेली. माणसं टाळ्या वाजवत होती. ह्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि बंद केली. म्हणाले, ‘‘बरोबर वाजते का चूक, ते सांगणारा माणूसच नाही इथे.’’ तेव्हापासून इंजिनातला एक काळा तुकडा काढून चष्म्याच्या डबीत घातलाय आणि डबी खिशात असते. कोणी विचारलं तर तोंड पाडून सांगतात, दोष सापडत नाही. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. तेव्हा तुम्ही याच, आणि ताईला घेऊन या. फक्त एक करा, भावोजी. आल्या आल्या दोष शोधून काढू नका. लगेच सापडला तर ताई दोन दिवसांत परत निघेल, आणि आमचं अजून काहीच बोलून झालेलं नसेल.)