वहिनीच्या हातची आलपना

कोजागरी, १९८४

वहिनीचा आज फार राग आला, आणि तिचं काहीच चुकलेलं नाही.

मा पूर्व बंगालातून निर्वासित होऊन चामोर्शीकडच्या या वस्तीत आली. मी तिची पोटची पोर. वहिनी कुरखेड्याची, मराठी घरातली. तरी लक्ष्मीपूजेची आलपना मानं तिलाच काढायला लावली. भिजवलेल्या तांदळाच्या पिठात बोट बुडवून तिनं अंगणभर धानाच्या लोंब्या काढल्या. मेल्या लोंब्या सुंदरच झाल्या होत्या.

मा शेजारणींना म्हणाली, "माझ्या आईचा हात हिच्यात उतरला."

हिच्यात? मग मी कोण?

शेवटी विचारलंच, "मले काऊन नाई शिकवलं?"

"तू उद्या सासरी जाशील. ही इथं राहणार."

वहिनीनं ते ऐकलं. वाटी माझ्यापुढे धरत म्हणाली, "ताई, लक्ष्मीची पावलं तुमी काढा. मले नाई जमत."

साफ खोटं. त्या लोंब्या काढणारीला पावलं जमत नाहीत?

मी काढलं. वाकडं आलं. मा खाली बसली, माझं बोट धरून तिनं पाऊल नीट करून दिलं. वहिनी बघत होती. मला इतकं बरं वाटलं, की पुढचं पाऊल मी मुद्दाम वाकडं काढलं.