चार स्कोपमधील एकाच दोषाबाबत

प्रति,
मा. सचिव महोदया,
निवड समिती, नेमबाजी संघटना,
कार्यालय : मैदानाच्या फाटकाशेजारील खोली

विषय : पन्नास मीटर रायफल गटातील अर्जदाराची अंतिम स्पर्धेसाठीची निवड रद्द करून लेन क्रमांक सातवरील नेमबाजाचे नाव पाठविणेबाबत, तसेच स्पॉटिंग स्कोपच्या (टार्गेटवरील भोके पाहण्याच्या दुर्बिणीच्या) खरेदीबाबत.

संदर्भ : १) स्कोप निवडण्याचे काम अर्जदाराकडे सोपविणारे आपले पत्र.
२) अर्जदाराची निवड झाल्याचे आपले पत्र (अभिनंदनासह).

महोदया,

१. गुरुवार, दिनांक १३ एप्रिल रोजी सकाळी साडेसात वाजता मैदानावर अर्जदाराने केलेली मोजदाद पुढीलप्रमाणे : लेन दहा. चटया दहा. बुटकी स्टुले दहा, पैकी एक डुगडुगते. संघटनेचा जुना स्कोप एक. विक्रेत्यांनी चाचणीसाठी दिलेले नवे स्कोप चार. हजर नेमबाज एक, म्हणजे अर्जदार. झाडलेल्या गोळ्या वीस. पाचही स्कोपमधून आळीपाळीने पाहिले असता टार्गेटच्या कागदावर दिसलेली भोके शून्य.

२. हा शून्य आकडा कसा आला, हे सांगण्यासाठी अर्जदारास अकरा आठवडे मागे जावे लागत आहे. अर्जदार विज्ञान शाखेचा पदवीधर असून त्याने ही गोष्ट मैदानावर सर्वांना, काहींना दोनदा, सांगितलेली आहे. नेमबाजीस सुरुवात केली तेव्हा लेन क्रमांक सहा त्याच्या वाट्याला आली. संघटनेचा एकमेव स्कोप त्याच लेनवर असतो. आपल्या मैदानाच्या रिवाजाप्रमाणे ज्या लेनवर स्कोप, तेथील नेमबाजाने आपले भोक स्कोपमधून पाहून गुण स्वतः वहीत लिहायचे. बाकीच्यांनी शेवटी कागद आणून मोजून घ्यायचे. हा रिवाज नेमबाजाच्या प्रामाणिकपणावर विसंबून आहे. अर्जदार प्रामाणिकच होता. खरी अडचण त्यामुळेच झाली.

३. जुन्या स्कोपची तिपाई मोडकी असल्याने अर्जदाराने स्टुलावर एक लोखंडी पकड दोन स्क्रूंनी बसवली. पहिल्या दिवशी एक गोळी झाडली, स्कोप हळूहळू फिरवला, एका कागदावर एक ताजे भोक दिसले. तेच आपले, असे मानून पकड आवळली. स्टूल हलू नये म्हणून त्याच्या चारही पायांभोवती पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या. टार्गेटच्या वर लेनचा क्रमांक मोठ्या आकड्यात लिहिलेला असतो, परंतु तो स्कोपच्या वर्तुळात मावत नाही. मान वर करून साध्या डोळ्यांनी पाहणे अर्जदारास अशास्त्रीय वाटले.

४. लवकरच स्कोपमध्ये दोष आढळू लागले. एक गोळी झाडल्यावर कधी दोन नवी भोके दिसत. कधी गोळी झाडण्यापूर्वीच भोक दिसे. कधी काहीच दिसत नसे. अर्जदाराने एकवीस दिवसांत झाडलेल्या १२६० गोळ्यांची नोंद ठेवली : एक नवे भोक, ६८० वेळा, दोन नवी भोके, २९० वेळा, एकही नाही, २९० वेळा. शेवटचे दोन आकडे तंतोतंत समान आल्याचे पाहून निसर्गनियम हाती लागल्याच्या आनंदात अर्जदार त्या दिवशी जेवला नाही.

दोन भोके दिसल्यास मध्याजवळचे खरे व लांबचे काचेतील दोषामुळे दिसणारे आभासी, असा नियम त्याने ठरवला. एकही न दिसल्यास गोळी आधीच्याच भोकातून गेली, असे धरून दहा गुण लिहिले. या पद्धतीने त्याची सरासरी सहाशेपैकी ५८३ झाली. हीच ती सरासरी, जिच्यावर त्याची निवड झालेली आहे.

५. दोष वारंवार कळविल्यामुळे समितीने नवा स्कोप निवडण्याचे काम अर्जदारावर सोपवले. विक्रेत्यांकडून चार नमुने मागविण्यात आले. तुलना न्याय्य व्हावी म्हणून चारही स्कोप त्याच पकडीत, त्याच कोनात, त्याच स्टुलावर बसवून तपासले. पहिल्याची पुढची काच सर्वांत मोठी आणि वस्तू साठपट मोठी दिसते. पण दहा वाजता जमीन तापली की झळांमुळे टार्गेट पाण्यात बुडाल्यासारखे हलते, आणि साठपट झाल्यावर ते हलणेही साठपट होते. दुसऱ्यातून पाहण्यासाठी झोपलेल्या नेमबाजाला रायफलीवरून गाल उचलून मान पिळावी लागते. तिसरा फक्त सत्तावीसपट, पण पाहण्याची नळी तिरकी, आणि चष्मा लावूनही पूर्ण वर्तुळ दिसते. चौथा मध्यभागी उत्तम, कडेला जांभळा.

हे सर्व गुणदोष बाजूला ठेवून अर्जदाराने चारही स्कोप एकाच कारणासाठी नाकारले : न झाडलेल्या गोळ्यांची भोके दाखवणे. तसे चार लेखी शेरेही विक्रेत्यांना धाडले. एका विक्रेत्याने उत्तरात फक्त एवढेच लिहिले की, आमच्या तीस वर्षांच्या धंद्यात ही तक्रार प्रथमच आली.

६. आता पुन्हा परिच्छेद १ मधील गुरुवार. वीस गोळ्यांनंतर भोके शून्य. अर्जदाराच्या नियमाप्रमाणे याचा अर्थ वीसच्या वीस गोळ्या आधीच्या भोकातून गेल्या. परंतु कागद त्या सकाळी नवा लावलेला असल्याने आधीचे भोकच नव्हते. म्हणून पाचही स्कोप एकाच वेळी निकामी झाल्याचा पंचनामा अर्जदाराने तयार केला आणि मैदान सांभाळणाऱ्या काकांना साक्षीदार म्हणून सही मागितली. काका कागदावर वाचल्याशिवाय सही करत नाहीत. त्यांनी वाचले, चष्मा पुसला, स्कोपला डोळा लावला. त्यांचे उद्गार नोंदीसाठी जसेच्या तसे देत आहे :

“अरे, हे तर सातवरच्या मावशींचं टार्गेट. त्या आज आल्याच नाहीत, भाचीचं सामान हलवायला गेल्यात. मग भोकं कुठून पडणार?”

अर्जदाराने विचारले, की मग आपले टार्गेट कुठे आहे. काकांनी बोट दाखवले आणि म्हणाले, “ते बघ तुझं. त्याला भोकंच पडत नाहीत, म्हणून मी बदलतच नाही. मला वाटायचं, तू नुसता आवाज काढायला येतोस.”

७. लेन सहावरील कागद अकरा आठवड्यांत एकदाही बदलला गेलेला नव्हता. त्याचे कारणही शास्त्रीय आहे. सातव्या लेनवरील भोक मध्यापासून डावीकडे दिसले, की अर्जदार आपल्या रायफलीची साइट उजवीकडे फिरवी; खाली दिसले, की वर. म्हणजे चुका दुसऱ्याच्या आणि दुरुस्त्या अर्जदाराच्या रायफलीला, असे २१ दिवस चालले. त्यामुळे त्याच्या गोळ्या टार्गेटच्या मागील मातीच्या बांधात शिस्तीने जमा होत गेल्या. पकडीचा कोन १.४ अंशांनी चुकला होता, हे त्याने नंतर अचूक मोजले आहे. परिच्छेद ४ मधील दोन समान आकडे निसर्गनियम नव्हते; शेजारच्या लेनवरूनही रोज साठच गोळ्या झाडल्या जात होत्या.

८. लेन क्रमांक सातवरील नेमबाज, ज्यांना सर्व जण मावशी म्हणतात, गेली सात वर्षे निवडीत दुसऱ्या येतात. या वर्षीही दुसऱ्या आल्या. त्यांची सरासरी ५६६, अर्जदाराची ५८३. आणि त्या ५८३ मध्ये जे चांगले आहे ते सर्व मावशींचेच. अर्जदाराने त्यांच्यापुढे जाण्यासाठी केलेले एकमेव काम म्हणजे त्यांच्या वाईट गोळ्या आभासी ठरवणे. घरी हा प्रकार सांगितला असता अर्जदाराची मोठी बहीण म्हणाली, “म्हणजे शेजारणीच्या पेपरात बघून तिच्यापेक्षा जास्त मार्क मिळवलेस. कमाल आहे तुझी!” ५८३ गुणांचा तक्ता आईने फ्रिजच्या दारावर लावलेला आहे. तो काढण्याचा धीर अर्जदारास अद्याप झालेला नाही.

९. शुक्रवारी अर्जदार मावशींची माफी मागण्यासाठी त्यांच्या कामाच्या जागी गेला. ती जागा चष्म्याचे दुकान निघाली. मावशी तेथे एकोणतीस वर्षे काचा घासत आहेत. मागील महिन्यात अर्जदाराने त्यांना अर्धा तास थांबवून काचेतून प्रकाश कसा वाकतो हे आकृती काढून समजावले होते, ही बाब त्याने परिच्छेदाच्या शेवटी ठेवण्याचा विचार केला होता, परंतु ती येथेच आली.

सर्व ऐकून मावशींनी घासणयंत्र बंद केले आणि विचारले, “म्हणजे तीन महिने तू माझ्याकडे बघत होतास?” अर्जदाराने होकार दिला. “मला वाटलं, पोरगं शिकतंय,” त्या म्हणाल्या. “नाहीतर आमच्याकडे कोण बघतंय रे! म्हणून जरा नीट मारत होते.”

अर्जदाराने परत येऊन मैदानाची गुणांची वही पाहिली. पकड बसवण्यापूर्वीच्या अकरा आठवड्यांत मावशींची सरासरी ५४१ होती. पाहण्यामुळेच गुण वाढले, असे एवढ्या नोंदींवरून सिद्ध होत नाही. आकडे मात्र असे आहेत.

१०. त्याच भेटीत चारही स्कोप अर्जदाराने बरोबर नेले होते. मावशींनी दुकानाच्या फरशीवर पालथे झोपून प्रत्येकातून समोरच्या रस्त्यापलीकडील दुकानाची पाटी वाचली. गिऱ्हाइके वळसा घालून गेली. तिसऱ्या स्कोपजवळ त्या थांबल्या : “हा घ्या. यात मान मोडत नाही. आणि मोठं मोठं दिसून करायचंय काय, भोक तर तेवढंच असतं!” लागलेला वेळ दोन मिनिटे दहा सेकंद. अर्जदारास याच कामास पाच आठवडे लागले होते, आणि उत्तर चुकले होते.

११. समितीच्या नियमाप्रमाणे बदली नाव द्यायचे झाल्यास त्या नेमबाजाची सरासरी किंवा साक्षीदारांसमोरील चाचणी किमान ५७० गुणांची हवी, आणि नाव अंतिम स्पर्धेच्या कार्यालयात आज, सोमवारी, दुपारी चारपर्यंत पोचायला हवे. ५६६ या सरासरीवर मावशींचे नाव जाऊ शकत नाही. म्हणून आज सकाळी साडेसात वाजता त्यांची साठ गोळ्यांची चाचणी घेण्यात आली. अर्जदार स्कोपपाशी बसून होता. यापुढे त्याच्या बेरजेवर कोणी विश्वास ठेवेल असे त्यास वाटत नसल्याने कागद उतरवणे, मोजणे व बेरीज हे सर्व काकांनी फाटकाजवळच्या खोलीत, दार लावून केले. अर्ज लिहीपर्यंत अर्जदारास निकाल माहीत नाही. काका तो जोडपत्रांच्या शेवटी स्वतःच्या हाताने लिहिणार आहेत.

१२. तरी विनंती अशी, की :
(क) अर्जदाराची निवड रद्द व्हावी आणि वहीतील त्याचे सर्व गुण लाल शाईने खोडावेत. लाल पेन त्याने सोबत आणले आहे.
(ख) चाचणी नियमात बसल्यास मावशींचे नाव चारच्या आत पाठवावे. कार्यालयापर्यंत पळत जाण्यास अर्जदार तयार आहे. त्याचा वेग त्याच्या नेमापेक्षा बरा आहे.
(ग) तिसरा स्कोप घ्यावा. उरलेल्या तीन विक्रेत्यांना व या एकास दिलगिरीची पत्रे अर्जदार स्वतः लिहील.
(घ) लेन सहाच्या स्टुलावरील पकड अंतिम स्पर्धा होईपर्यंत आहे त्याच कोनात राहू द्यावी. ही विनंती अर्जदाराची नाही. आज चाचणीनंतर ती काढायला तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला असता शेजारच्या चटईवरून मावशी म्हणाल्या, “राहू दे ती. तुला तसंही तुझ्या टार्गेटकडे बघून काही दिसणार नाहीये.”

आपला नम्र, आणि आजपर्यंत वहीत पहिला,
(सही)
अर्जदार, लेन क्रमांक सहा
दिनांक : १७ एप्रिल, सकाळी ११.२०

सोबत :
१. निवडीचे मूळ पत्र, परत.
२. १२६० गोळ्यांच्या निरीक्षणांची वही, आलेखासह.
३. पाचही स्कोप निकामी झाल्याचा पंचनामा, साक्षीदाराच्या सहीविना.
४. लेन सहावरील टार्गेटचा कागद, एक. अकरा आठवडे. झाडलेल्या गोळ्या १२८०, भोके ९.
५. लेन सातवरील आज सकाळचे कागद, सहा. मोजणी व बेरीज मैदान सांभाळणाऱ्यांच्या हस्ताक्षरात : गोळ्या ६०, गुण ५७४.